दासबोध घ्यायचाय, पण कुठल्या प्रतीवरून छापलेला?

पलूस तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावात मी १९ वर्षं ग्रंथपाल आहे. पुस्तक बदलून न्यायला येणाऱ्यांच्या जोडीला हल्ली "विकत कुठलं घेऊ?" असं विचारणारेही बरेच येतात. निवृत्त झालेले गुरुजी, नव्यानं माळ घातलेल्या बायका, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करता करता इतिहासाची गोडी लागलेली मुलं.

एका आषाढात एक काका आले. हातात चकचकीत वेष्टनाचा नवाकोरा दासबोध. म्हणाले, "मॅडम, बुवा कीर्तनात ओव्या सांगत्यात, त्या ह्यात गावनात. सगळं पुस्तक पालथं घातलं." मी उघडून पाहिलं, तर आत ओव्या नव्हत्याच. मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरात 'दासबोध' आणि त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात 'सुबोध'. समर्थांच्या ग्रंथाचा तो गद्य सारांश होता. काका दोन महिने त्यात ओवी शोधत होते.

जुने ग्रंथ पुन्हा छापले जातात ही आपल्या भाषेची श्रीमंती आहे. पण एकाच नावाखाली दहा वेगवेगळी पुस्तकं विकली जातात आणि पहिल्यांदा घेणाऱ्याला ते कुणी सांगत नाही. म्हणून मी काउंटरवर जे सांगते तेच इथे क्रमानं लिहिते आहे.

पहिली पायरी : कशासाठी हवंय ते ठरवा

पारायणाला हवं असेल तर मोठं अक्षर, शुद्ध पाठ आणि मांडीवर किंवा व्यासपीठावर नीट उघडं राहणारं पुस्तक पाहिजे. समजून घ्यायचं असेल तर अर्थ आणि टिपा पाहिजेत. अभ्यासाला किंवा लेखनाला हवं असेल तर कुठल्या प्रतीवरून छापलं आणि पाठभेद (म्हणजे एकाच ओळीचे वेगवेगळ्या प्रतींतले वेगळे शब्द) कोणते, हे सांगणारी आवृत्ती पाहिजे. ही तिन्ही कामं एका पुस्तकात क्वचितच होतात. नव्या माणसानं पहिलं पुस्तक अर्थासकट घ्यावं आणि मन रमलं तर पुढच्या वर्षी मूळ संहितेची प्रत घ्यावी, असं माझं मत आहे.

दुसरी पायरी : मुखपृष्ठावरचा बारीक शब्द वाचा

'मूळ' किंवा 'संहिता' म्हणजे फक्त ग्रंथाचे शब्द, अर्थ नाही. 'सार्थ' म्हणजे अर्थासह. यात ओवीखाली किंवा समोरच्या पानावर गद्य अर्थ येतो. 'सटीप' म्हणजे टिपांसह. 'सुबोध', 'सुलभ', 'कथासार', 'गद्य रूपांतर' यांपैकी काही दिसलं, तर मूळ शब्द आत असतीलच असं नाही. पान उघडून खात्री करा. 'संक्षिप्त' म्हणजे कापलेलं, आणि काय कापलं हे प्रस्तावनेत सांगितलेलं नसेल तर ते पुस्तक खाली ठेवा. 'समग्र' म्हणजे एका लेखकाचं सगळं लेखन एकत्र.

'चिकित्सक आवृत्ती' हा शब्द नवख्यांना बुजवतो. अनेक हस्तलिखितं समोर ठेवायची, ओळीओळीला तुलना करायची, त्यातून सर्वांत विश्वसनीय पाठ निवडायचा आणि बाकीचे पाठभेद तळटिपेत द्यायचे, असं ते काम असतं. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं महाभारताची अशी आवृत्ती सिद्ध केली. १९१९ साली हाती घेतलेलं ते काम १९६६ साली पुरं झालं. आपल्या साताऱ्याकडच्या औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी त्याला आर्थिक आधार दिला होता. त्याच औंधमध्ये पंडित सातवळेकरांच्या स्वाध्याय मंडळानं वेदसंहिता आणि महाभारत छापलं. मंडळ १९४८ नंतर गुजरातेत पारडीला गेलं. वेदांच्या जुन्या प्रतीवर औंधचं नाव दिसलं की आमच्याकडच्या बऱ्याच तरुणांना आश्चर्य वाटतं. खटाव तालुक्यातल्या औंधच्या त्या लहानशा संस्थानात वेद छापले जात होते.

तिसरी पायरी : आतलं छपाईचं पान उघडा

दुकानात उभं राहून हे पान वाचायला दोन मिनिटं लागतात. मुखपृष्ठ उलटल्यावर आतल्या नावाच्या पानामागे ते असतं. तिथे प्रकाशक, मुद्रक, आवृत्ती आणि साल दिलेलं असतं.

'आवृत्ती' आणि 'पुनर्मुद्रण' हे दोन शब्द वेगळे आहेत. पुनर्मुद्रणात मजकूर तोच राहतो, पुन्हा छापलेला. नव्या आवृत्तीत सहसा काहीतरी बदललेलं असतं: दुरुस्ती, भर, नवी प्रस्तावना. बरेच प्रकाशक दोन्हींना 'आवृत्ती'च म्हणतात. म्हणून फक्त 'दहावी आवृत्ती' हे वाचून भुलू नका, पहिली कधीची आणि संपादक कोण ते पाहा.

जुन्या पुस्तकात साल शकात असतं. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. १ जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंतचा काळ असेल तर ७९ मिळवा. शके १८२० म्हणजे १८९८, आणि वर्षाचा शेवट १८९९ मध्ये.

आता खरा प्रश्न: हे कुठल्या प्रतीवरून छापलं?

ज्ञानेश्वरीचंच घ्या. ग्रंथ शके १२१२ चा, म्हणजे १२९० चा. पुढे तीनशे वर्षं तो हातानं लिहून उतरवला गेला आणि उतरवताना शब्द बदलत गेले. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथ महाराजांनी प्रती जमवून पाठ शुद्ध केला. 'गीता ज्ञानेश्वरी प्रति शुद्ध केली' असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. मूळ ग्रंथ आधीच अतिशुद्ध आहे, पण पाठ बदलत गेल्यानं त्यात अशुद्ध शिरलं, हे त्यांचं कारण. आपल्या भाषेत संपादन म्हणजे काय हे त्या एका वाक्यानं मला जितकं कळलं तितकं कुठल्या प्रशिक्षणात कळलं नाही.

वारकरी घरांत चालते ती बहुधा नाथांच्या परंपरेची ज्ञानेश्वरी. साखरे महाराजांची, सोनोपंत दांडेकरांची या प्रती घराघरांत आहेत. याउलट १९०९ साली इतिहासाचार्य राजवाड्यांनी बीडकडे मिळालेल्या एका जुन्या पोथीवरून वेगळी ज्ञानेश्वरी छापली. तिची भाषा जुन्या वळणाची आहे आणि पारायणाच्या प्रतीशी ती ओवी-ओवीला जुळत नाही. भाषेच्या अभ्यासकाला ती सोनं आहे. सप्ताहाला बसणाऱ्या माणसानं ती घेतली तर सगळे एक म्हणतील आणि तो दुसरं. यात चूक प्रतीची नाही. म्हणून सप्ताहासाठी घेताय तर आधी गावातल्या बुवांना विचारा की मंडळींत कुठली प्रत चालते, आणि तीच घ्या.

दासबोधाचंही असंच आहे. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी डोमगावच्या मठातली, समर्थांचे शिष्य कल्याणस्वामी यांच्या हातची प्रत आधाराला घेऊन दासबोध छापला. पुढच्या अनेक छपाया त्यावरून निघाल्या. तुमच्या हातातल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत असा काही उल्लेख आहे का, ते पाहा. प्रस्तावनाच नसेल, तर छापणाऱ्यानं ते दुसऱ्या कुणाच्या छापील पुस्तकावरून उचललेलं असण्याची शक्यता जास्त. तेवढ्यानं पुस्तक वाईट ठरत नाही, पण पुढची पायरी मग सोडू नका.

चौथी पायरी : मोजून पाहा

जुन्या ग्रंथांची एक सोय आहे. त्यांची मापं ठरलेली आहेत. दासबोधात २० दशकं, प्रत्येक दशकात १० समास, एकूण २०० समास आणि ७७५१ ओव्या. शेवटचं दशक आणि त्यातला दहावा समास आहे का, ते पाहा. मध्ये कुठला समास गळला आहे का हे अनुक्रमणिकेवर बोट फिरवलं की कळतं. ज्ञानेश्वरीचे अध्याय १८ आणि ओव्या साधारण नऊ हजार. प्रत्येक प्रतीत नेमका आकडा थोडा हलतो, म्हणून दोन-चार ओव्यांच्या फरकानं घाबरू नका.

तुकोबांच्या गाथेत फरक मोठा असतो. मुंबई सरकारच्या मदतीनं १८६९ आणि १८७३ साली इंदुप्रकाश छापखान्यातून दोन भागांत गाथा निघाली. पुढे १९५० साली सरकारनं जी गाथा छापली तिच्यात ४६०७ अभंग आहेत. लोक 'सरकारी गाथा' म्हणतात ती ही. बाकीच्या गाथांत अभंगांची संख्या वेगळी आणि क्रमही वेगळा. तेव्हा कुणी "अभंग १२५३ काढा" म्हणालं आणि तुमच्या प्रतीत भलताच अभंग निघाला, तर पुस्तक परत करायला धावू नका. आधी विचारा, कुठल्या गाथेतला क्रमांक? आणि तुमच्या प्रतीच्या शेवटी अभंगांची अकारविल्हे (पहिल्या अक्षराच्या क्रमानं लावलेली) सूची आहे का ते घेतानाच पाहा. सूची नसलेली गाथा म्हणजे खुणेची काठी नसलेलं रान. ती असेल तर थोडे जास्त पैसे मोजायला हरकत नाही.

गुरुचरित्र हे आमच्या भागात सर्वांत जास्त मागितलं जाणारं पुस्तक. औदुंबर आमच्याच तालुक्यात आहे आणि नृसिंहवाडी पुढे कृष्णेच्या वाटेवर. एका प्रतीत ५२ अध्याय असतात, दुसरीत ५३, कारण अवतरणिका (सगळ्या ग्रंथाचा सारांश सांगणारा भाग) आणि एखादा अध्याय कुणी कसा मोजला यात फरक आहे. सात दिवसांच्या पारायणाची वाटणी त्यावर ठरते. घरात आधीची पोथी असेल तर तिच्याशी जुळणारीच घ्या, नाहीतर सासूबाई एका ठिकाणी थांबतात आणि सून दुसऱ्या ठिकाणी.

टिळकांचं 'गीतारहस्य' १९१५ साली आलं. त्याच्या स्वस्त छपाया पुष्कळ आहेत. पूर्ण पुस्तकात तीन गोष्टी पाहिजेत: १५ प्रकरणं, गीतेच्या बहिरंगपरीक्षणाचं (ग्रंथ कुणाचा, कधीचा याच्या तपासणीचं) परिशिष्ट, आणि शेवटी मूळ श्लोक, भाषांतर व टिपा. बारीक आवृत्त्यांत परिशिष्ट आणि टिपाच गळतात, आणि टिळकांनी काय केलं ते त्या टिपांत फार चांगलं दिसतं.

नाटकं घेणाऱ्यांना एक खूण सांगते. सांगली ही नाट्यपंढरी. १८४३ साली विष्णुदास भाव्यांचं सीतास्वयंवर इथेच झालं, देवल शेजारच्या हरिपूरचे आणि खाडिलकर सांगलीचे. 'संगीत शारदा' किंवा 'संशयकल्लोळ'ची नवी छपाई हातात घेतलीत तर पदांच्या डोक्यावर राग, ताल किंवा 'चाल' छापली आहे का ते पाहा. काही छपायांत ती ओळ जागा वाचवायला काढून टाकतात. मग उरतात नुसती कडवी, आणि ती कशी म्हणायची हे गाणाऱ्या मुलांना कळत नाही. आमच्या गावच्या हौशी मंडळाला मी एकदा जुनी फाटकी प्रत शोधून दिली ती याच एका ओळीसाठी.

पाचवी पायरी : छपाई आणि बांधणी

जुन्या पुस्तकाची छपाई दोन तऱ्हेनं होते. एकीत मजकूर नव्यानं टाइप करतात, दुसरीत जुन्या पुस्तकाची पानंच्या पानं स्कॅन करून छापतात.

नव्यानं टाइप केलेलं डोळ्यांना सुखाचं, पण त्यात मुद्रणदोष शिरतात. तपासायचं कसं? तुम्हाला पाठ असलेला एक भाग उघडा. पसायदान, मनाचे श्लोक, 'सुंदर ते ध्यान', काहीही. तिथे दोन चुका दिसल्या तर पाठ नसलेल्या भागात किती असतील याचा अंदाज करा. दुसरं, जुन्या मराठीत 'केलें', 'नाहीं', 'कांहीं' असे अनुस्वार होते. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. निबंध-कादंबरीत ते काढले तर वाचन सोपं होतं आणि माझी तक्रार नाही. ओवी-अभंगात मात्र ते काढू नयेत असं मला मनापासून वाटतं. 'घरीं' म्हणजे घरामध्ये आणि 'घरें' म्हणजे घरं किंवा घरानं, असे अर्थ त्या टिंबावर उभे असतात. ते काढलं की ओवी लुळी पडते.

स्कॅन करून छापलेल्या पुस्तकात मजकूर जसाच्या तसा राहतो. इतिहासाच्या साधनांना हीच पद्धत बरी. पण मागणीनुसार एकेक प्रत छापून घरपोच पाठवणारे काही विक्रेते स्कॅन कुठलं घेतात ते पाहतही नाहीत. मी एकदा मागवलेल्या बखरीत मधली आठ पानं नव्हती आणि चार पानं दोनदा होती. घडीचा नकाशा असेल तर तो घडी न उघडता स्कॅन केलेला सापडतो. म्हणून असं पुस्तक आलं की त्याच दिवशी पानांचे आकडे पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहा. परत करण्याची मुदत संपल्यावर उपयोग नाही.

बांधणीसाठी पुस्तक मधोमध उघडा आणि पाठीकडे वरून पाहा. १६-१६ पानांचे फर्मे दोऱ्यानं शिवलेले दिसले तर ते रोजच्या वाचनाला टिकेल. नुसत्या गोंदानं चिकटवलेली बांधणी कादंबरीला चालते, पारायणाच्या ग्रंथाला नाही. रोज उलगडून ठेवलेली पोथी पहिल्या उन्हाळ्यातच सुटी होते.

सहावी पायरी : एकाच पुस्तकाच्या इतक्या किमती का?

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. त्यानंतर कुणीही छापू शकतं. टिळक १९२० साली गेले, हरिभाऊ आपटे १९१९ साली, साने गुरुजी १९५० साली, रियासतकार सरदेसाई १९५९ साली. यांचं लेखन आता सर्वांना खुलं आहे, म्हणून 'श्यामची आई' बऱ्याच प्रकाशकांकडे वेगवेगळ्या किमतीला मिळते. यात गैर काही नाही. किंमत कमी म्हणून पुस्तक खोटं, असं समजू नका. सज्जनगडावर श्री समर्थ सेवा मंडळाचा दासबोध स्वस्त मिळतो, तो लोकांच्या हाती जावा म्हणून.

पण वाटेगावचे अण्णा भाऊ साठे १९६९ साली गेले, सांगलीत जन्मलेले वि. स. खांडेकर १९७६ साली. अण्णा भाऊंच्या लेखनावर २०२९ संपेपर्यंत हक्क आहे आणि खांडेकरांच्या लेखनावर २०३६ संपेपर्यंत. रस्त्याकडेला पातळ कागदावरचं, पुसट छपाईचं 'ययाति' निम्म्या किमतीत दिसलं तर ती चोरटी प्रत असते. ती घेऊ नका. आणि मूळ ग्रंथ खुला असला तरी आजच्या संपादकानं लिहिलेला अर्थ, टिपा, प्रस्तावना यांवर त्याचा हक्क राहतोच. सार्थ ग्रंथाची झेरॉक्स काढून गावभर वाटण्याआधी हे लक्षात असू द्या.

सातवी पायरी : इतिहास हवा असेल तर इथूनच सुरू करा

इतिहासाची पुस्तकं विचारणारी मुलं शिवचरित्रावर थांबतात. मी त्यांना सांगते की मराठ्यांच्या इतिहासाचे कागद आपल्याच सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांत शोधले गेले आणि छापले गेले, ते आधी बघ.

राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ साली काढला. त्यातले कागद वाईत सापडलेले. मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवणारे वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दप्तरातली पत्रं वाचून १८९७ पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' छापायला घेतला आणि १९२४ साली मृत्यू येईपर्यंत खंडामागून खंड काढले. पानिपतानंतरचा मराठी राज्याचा कारभार समजायला त्याच्याइतकं जवळचं साधन कमी. पत्रांच्या मध्ये मध्ये खरेशास्त्री स्वतः हकीकत सांगतात, त्यामुळे नवखा माणूसही वाट चुकत नाही. साताऱ्यात दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी जुने कागद आणि चित्रं जमवली आणि १९०८ पासून 'इतिहाससंग्रह' हे मासिक चालवलं. ही माणसं पदरमोड करून, मोडी वाचून, रात्री दिव्याशी बसून हे करत होती. त्यांचे खंड पुन्हा छापले जातात तेव्हा मला सण आल्यासारखं वाटतं.

ग्रँट डफ हा १८१८ नंतर साताऱ्याला इंग्रजांचा प्रतिनिधी होता. त्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली आला आणि मराठी भाषांतरासह आजही छापला जातो. तो वाचा, पण एकटा वाचू नका. नीळकंठ जनार्दन कीर्तन्यांनी त्यावर त्या काळातच टीका लिहिली होती, ती जोडीला घ्या. सभासदाची बखरही सोबत ठेवा. ती लहान आहे, दोन बैठकांत होते आणि शिवरायांच्या चाकरीतल्या माणसाची भाषा कानावर पडते.

एक व्यवहाराची सूचना. जुन्या लेखात 'राजवाडे, खंड ३' असा संदर्भ असेल तर तो जुन्या मालिकेतला. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळानं त्यांचं समग्र साहित्य नव्या खंडांत काढलं आहे. दोन्हींचे खंडक्रमांक एकच असतील असं धरून चालू नका.

आणि आपल्या गावाची माहिती शोधणाऱ्यांसाठी: १८८५ साली निघालेल्या साताऱ्याच्या गॅझेटिअरचं, म्हणजे जिल्ह्याची माहिती देणाऱ्या सरकारी ग्रंथाचं, पुनर्मुद्रण मिळतं. ते इंग्रजीत आहे. सांगली जिल्ह्यातल्या मंडळींनी सांगलीचं जुनं गॅझेटिअर शोधत बसू नये, कारण तेव्हा हा जिल्हाच नव्हता. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके साताऱ्यात होते. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली झालं. तेव्हा वाळव्याची, तासगावची माहिती साताऱ्याच्या खंडात बघा. सांगली-मिरज ही पटवर्धनांची संस्थानं, त्यांची माहिती कोल्हापूरच्या खंडात आहे. एका मुलीनं तिच्या गावच्या जुन्या बाजाराचा उल्लेख त्यात शोधून काढला. तिच्या आजोबांना तिनं तो वाचून दाखवला तेव्हा मी तिथे होते. आजोबा पुन्हा पुन्हा म्हणत होते, "आपलं गाव इंग्रजानं लिवलंय?"

आठवी पायरी : कुठे मिळेल

आधी वाचनालयात पाहा, मग विकत घ्या. साताऱ्याचं नगर वाचनालय, सांगलीचं नगर वाचनालय, वाईची ग्रंथालयं ही जुनी आहेत. संदर्भ विभागात दोन-तीन प्रकाशकांच्या प्रती शेजारी ठेवून एकच पान ताडून पाहता येतं. महाबळेश्वर तालुक्यातलं भिलार हे २०१७ पासून पुस्तकांचं गाव आहे. तिथे घराघरांत बसून पुस्तकं चाळता येतात आणि कुणी पैसे मागत नाही. नव्या माणसानं एक दिवस काढून तिथे जावं. वाईतून मराठी विश्वकोश तयार झाला, तो आता इंटरनेटवर फुकट आहे. ग्रंथ घेण्याआधी त्याच्या नावाची नोंद विश्वकोशात वाचली की कुठल्या आवृत्त्या मानल्या जातात ते पुष्कळदा तिथेच समजतं.

सरकारी प्रकाशनं विसरू नका. महात्मा फुल्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण. त्यांचं समग्र वाङ्मय साहित्य आणि संस्कृती मंडळानं १९६९ पासून छापलं आहे, किंमत अगदी कमी असते. 'गुलामगिरी' आणि 'शेतकऱ्याचा असूड' सुटे घेण्यापेक्षा हा एक ग्रंथ घ्या. पुण्या-कोल्हापूरच्या शासकीय ग्रंथागारात विचारा, आणि मंडळाच्या संकेतस्थळावर बरीच पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात.

धार्मिक ग्रंथांसाठी सज्जनगड, गोंदवले, औदुंबर इथल्या संस्थांचे स्टॉल चांगले. मुंबईच्या केशव भिकाजी ढवळे यांच्या पोथ्या जुन्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहेत. जुन्या संदर्भग्रंथांसाठी पुण्याच्या वरदा प्रकाशनाची यादी मागवा. ह. अ. भाव्यांनी विसरली गेलेली पुस्तकं तिथून पुन्हा उजेडात आणली. साताऱ्याचा ग्रंथमहोत्सव आणि संक्रांतीला औदुंबरला भरणारं साहित्य संमेलन इथे पुस्तकं हाताळून घेता येतात. मी फोटो पाहून ग्रंथ घेत नाही.

घरी आणल्यावर

पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं तारीख आणि कुठून घेतलं ते लिहा. पेन नको, शाई ओलीत पसरते. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि दिवाळीत, पुस्तकं बाहेर काढून सावलीत वारं द्या. कपाट भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा. वेखंडाचे तुकडे किंवा वाळवलेला कडुलिंबाचा पाला कापडात बांधून फळीवर ठेवला की कसर कमी लागते. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवू नका, आत दमट राहून बुरशी धरते.

कृष्णाकाठच्यांसाठी आणखी थोडं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या वाचनालयात तिसऱ्या फळीपर्यंत पाणी होतं. मोठे ग्रंथ जड म्हणून खाली ठेवायची आमची पद्धत होती, त्यामुळे गेले ते नेमके जुने खंडच. आता जड खंड सर्वांत वर आहेत आणि खाली मासिकं. पुस्तक भिजलंच तर जबरदस्तीनं पानं सोडवू नका आणि उन्हात टाकू नका, पानं वाकडी होऊन तडकतात. उभं करा, थोडं उघडा, दहा-वीस पानांआड कोरा टिपकागद घाला, पंख्याच्या वाऱ्यावर ठेवा आणि कागद ओला झाला की बदलत राहा. चित्रांचा गुळगुळीत कागद असेल तर आधी तो हाताळा, कारण वाळताना ती पानं एकमेकांना कायमची चिकटतात.

त्या पुरात आमचा एक जुना दासबोध असाच आठ दिवस पंख्याखाली होता. पाठ सुटली, पण २०० च्या २०० समास वाचले. तोच मी त्या काकांना महिनाभर दिला. नंतर ते सज्जनगडाला गेले तेव्हा मूळ ओव्यांची स्वतःची प्रत घेऊन आले, आणि येताना शेजारच्या दोघांसाठीही दोन आणल्या.